चित्रातला माणूस कोण?

मुरुड, ता. दापोली

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, आईची साखर आटोक्यात. आता मुद्द्याचं. इथं कुणाला सांगितलं तर म्हणतील, ह्याचं डोकं फिरलं. म्हणून तुला.

पणजोबांच्या पेटीतलं जखमी शिपायाचं चित्र आठवतं ना? अर्ध्या पोस्टकार्डाएवढं. आपण चोरून काढायचो आणि तू म्हणायचास, भूत आहे. भाऊकाकांनी ते आता फ्रेम करायला काढलंय. खाली पितळी पट्टी, 'आमचे पणजोबा, पहिले महायुद्ध'. हार घालायचा दिवससुद्धा ठरलाय.

मी भिंग घेऊन बसलो. कॉपिंग पेन्सिलीचं काम, म्हणजे ओलीनं शाई सुटणारी पेन्सिल; ओल लागली तिथं जांभळं फुटलंय. शिपाई पोत्याला टेकून बसलाय, डोक्याला फडकं, हात झोळीत, एका पायाची पट्टी सुटून लोंबतेय, गुंडीला चिठ्ठी बांधलेली. आणि डोळे? अरे, डोळे गणपतीचे! वरची पापणी एका झटक्यात, शेवटाला बारीक शेपूट. ही आमच्या गणपतीच्या शाळेतली, मूर्ती घडवायच्या कारखान्यातली आखणी, घराबाहेर कुणाचा हात असा जात नाही. म्हणजे काढणारे पणजोबाच. (खोतांच्या गणपतीचा उजवा डोळा तू बिघडवलास आणि नाव माझं सांगितलंस, ते विसरलेलो नाही.)

आता खालची कडा बघ. दोन अनवाणी अंगठे आहेत. आडवं पडलं की आपलेच पाय दिसतात, तसे. पणजोबा पडल्या पडल्या समोरच्याला काढतायत आणि स्वतः चित्रात फक्त अंगठ्यांपुरते! पलटण ११७ मराठा. नोव्हेंबर १९१५ मध्ये इराकात, टेसिफॉनच्या लढाईत खूप माणसं पडली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तिथून बोटींनी बसऱ्याला नेलं. चित्रामागे मोडीत 'बसरा' एवढंच आहे. पाठीमागे राहिलेले तिथल्याच कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडले, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेले. जखम झाली म्हणून हे सुटले. समोरचाही सुटला असेल. पण तो कोण, कुठल्या गावचा? त्याच्या घरी त्याचा एखादा फोटो तरी आहे का? आणि आम्ही त्याला पणजोबा म्हणून हार घालणार!

भाऊकाकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग काय अंगठ्यांना हार घालू?" फ्रेमवाला म्हणतो, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, चारी बाजूंनी बोटभर आत येईल, कडेचे डाग झाकले जातील. डाग म्हणे!

मोबाइलवर फोटो पाठवतोय, खालची कडा मोठी करून. अंगठे काढणाऱ्याचे की शेजारी निजलेल्या कुणाचे, नीट बघून सांग. तू ड्रॉइंग मास्तर, काका तुझं ऐकतात. माझं कधी ऐकलंय?

बाकी, घराचं काम झालं का? पोरीचा बारावीचा निकाल छान लागला म्हणे, शाब्बास. वहिनींना कोकमाचं आगळ पाठवलंय, बाटली उभी ठेव. काकांना रविवारच्या आत फोन कर, सोमवारी चित्र फ्रेमवाल्याकडे जातंय.

तुझा,
दिन्या