भांडी घासा, नावं घासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या घरगुती वस्तूंचं दालन उघडल्याची बातमी आपल्या जिल्हा पानावर फोटोसकट आली होती. फोटोत मधल्या कपाटातली पितळेची भांडी नुसती लखलखत होती. मला तेव्हाच शंका आली. मुद्दाम जाऊन पाहिलं, आणि शंका खरी निघाली म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी आयुष्यभर भांड्यांवर नावं घातली. सुरुवातीला छिन्नी-हातोडीनं, पुढे विजेच्या मशीननं. आता हात थरथरतो, ओटाही राहिला नाही, तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. इतिहास मी शाळेत शिकलो तेवढाच. पण भांडं हातात आलं की मी पहिल्यांदा ते उलटं करून बूड बघतो, मग काठाखालून बोट फिरवतो. ती खोड काही जात नाही.

दालनाची मांडणी छान आहे हे आधी कबूल करतो. जातं, उखळ, घंगाळ, कळशा, पानाचा डबा, अडकित्ते, कंदील, फणेरपेटी, मापं, पत्र्याच्या ट्रंका. गावातल्या लोकांनी माळ्यावरून काढून प्रेमानं दिलेल्या वस्तू. पण प्रत्येकीखालची चिठ्ठी वाचा: 'तांब्या, पितळ.' 'घंगाळ, तांबे.' 'पातेले, जुने.' अहो, जुनं आहे ते दिसतंच आहे. कुणाचं, कुठल्या घरातलं, कुणी दिलं? चौकशी केली तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, "काका, उद्घाटनाला पाहुणे येणार होते, म्हणून सगळी भांडी बफिंग करून आणली." बफिंग म्हणजे मशीनवर घासून चकाकी आणणं. घंगाळाच्या काठाखाली मी बोट फिरवलं तर पुसट ठिपके लागले. तिथे नाव होतं. अर्धं बफनं खाल्लं, आणि उरलेलं अर्धं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, कारण त्या बाजूला एक पोचा आहे आणि तो फोटोत वाईट दिसतो!

ट्रंकांची तीच कथा. आमच्या सातारा जिल्ह्यातून किती माणसं पलटणीत गेली ते मी सांगायला नको. त्या माणसांच्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली असायची. दालनातल्या ट्रंकेला ताजा काळा ऑइलपेंट मारलाय. दिसते झकास. कुणाची होती, ते आता त्या रंगाखाली.

लोक भांड्यांवर नावं हौसेनं घालत, पण नुसत्या हौसेनं नव्हे. लग्नाकार्यात घरोघरची पातेली, पराती, तपेली एका मांडवात गोळा व्हायची, ती आपापल्या घरी परत जायला नाव लागायचं. भावाभावांच्या वाटणीत तर नाव साक्षीला उभं राहायचं, कारण आईच्या माहेरून आलेलं भांडं कुठलं आणि एकत्र पैशातून घेतलेलं कुठलं, ते त्यावरच लिहिलेलं असे. आहेराची भांडी वेगळी. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून' आणि खाली तारीख. रुखवताच्या भांड्यांवर मुलीचं सासरचं नाव घालायचं असलं, की तिचे वडील चिठ्ठी घेऊन यायचे. कितीतरी मुलींची बदललेली नावं त्यांच्या आधी मला कळली आहेत. आणि एक सांगतो, त्या काळातल्या पुष्कळ बायकांचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर नव्हतं, दुकानाच्या पाटीवर नव्हतं. कळशीवर मात्र होतं.

पत्ता असेल तर आणखी मजा. दालनातल्या एका कळशीखाली चिठ्ठी आहे, 'अंदाजे शंभर वर्षांपूर्वीची'. मी परवानगी घेऊन ती फिरवली. मागे कोरलंय: 'जि. उ. सातारा'. आता आजच्या पोरांना हे 'उ.' काय ते कळणार नाही. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे केले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला आणि उत्तरेकडचा पुन्हा नुसता सातारा. म्हणजे ही अक्षरं त्या अकरा-बारा वर्षांतली. फार तर जुन्या सवयीनं कुणी नंतरही 'उ.' लावला असेल, आधी लावणं तर शक्यच नाही. कळशी त्याआधीची असून नाव नंतर घातलं असेल, असंही होतं. पण शंभर वर्षांचा हिशेब कुठून आला, ते विचारल्यावर कुणालाच सांगता येईना.

अक्षरांचं वळणही बोलतं. छिन्नीचं अक्षर तुटक तुटक बारीक रेघांचं, वेलांटी वळवताना कोन पडलेला. मशीनचं अक्षर दाट ठिपक्यांचं, गोल. आमच्या बाजारपेठेत प्रत्येकाचा हात निराळा होता. माझ्या उस्तादांचा 'ळ' मी आजही शंभरांत ओळखेन.

मापांचंही तसंच. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं असा उतरता संच कपाटात मांडलाय, चिठ्ठी एकच: 'धान्य मोजण्याची भांडी'. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, एवढं लिहायला किती जागा लागते? त्यांतल्या शेरावर तपासणीचा छाप आहे, तोही कुणी पाहिलेला नाही. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत जुनी मापं दुकानातून गेली. घरात मात्र पायली कित्येक वर्षं टिकली. शेर छापाचा आहे म्हणजे तो दुकानातला असणार, आणि शेजारचं बिनछापाचं मापटं बहुधा घरातलं. दोन्ही एका ओळीत ठेवून दोघांची ओळख घालवली.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती एका साध्या तांब्याची. त्यावर कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावाचं नाव आहे, आणि ते गाव आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. तिथली माणसं उठून रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी कुठे कुठे गेली. जाताना घराचे वासे जमतील तेवढे नेले, भांडी नेली. हा तांब्या आमच्या गावात कसा आला? दिला कुणी? नोंद नाही. देणाऱ्या बाई "आमच्या आजेसासूचा" एवढं सांगून गेल्या म्हणे, तेही कुणी लिहून घेतलं नाही. त्या बाईंना शोधायला हवं, आणि लवकर.

तसंच देवळातल्या मोठ्या हंड्यांचं. मुंबईत गिरणीत कामाला गेलेल्या मंडळींनी वर्गणी काढून गावकीसाठी घेतलेले हंडे आणि पराती आमच्या भागात गावोगाव आहेत. त्यांवर 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' आणि साल असतं, कधी कधी वर्गणीदारांची नावंसुद्धा. केटररच्या काळात ते हंडे पडून आहेत, मोडीचा भाव वाढला की एखादी समिती ते विकूनही टाकते. दालनाला एवढी मोठी भांडी ठेवायला जागा नसेल, पण विकण्याआधी त्यांवरची अक्षरं उतरवून घ्यायला जागा लागत नाही.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं, आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, वज्री असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे काचेमागे मानानं ठेवल्या आहेत. तसली कलाकुसर आमच्या तालुक्यात फारशी सापडणार नाही. आमची भांडी साधी, ठोक्याची, पोचे आलेली. त्यांच्यावर गावातल्या माणसांची नावं आहेत, एवढंच त्यांचं मोल. तेच घासून टाकल्यावर त्यांच्यात आणि मोडवाल्याच्या ढिगात फरक काय?

दालनाच्या मंडळींना माझं सांगणं आहे की बफिंग आणि चिंच दोन्ही बंद करा. काळं पडलेलं पितळ काळंच राहू द्या, मऊ कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की पुरे. पुसट नाव वाचायला खोली अंधारी करून टॉर्च भांड्याच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. सावली पडून ठिपके वर येतात, तेवढ्यात फोटो काढा. संग्रहाचा नंबर सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधून लावा. नंबर भांड्यावर कोरायचा विचार सुरू आहे असं ऐकतो, तर तो सोडा. हे कोरण्यावर पोट भरलेला माणूस सांगतोय. आणि एक जाड दाखल-वही घाला: वस्तू, देणाऱ्याचं नाव, कुठल्या घरातली, कशाला वापरत, काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर चुकीसकट, आणि ही माहिती कुणी कधी सांगितली. सांगणारे आज ऐंशीच्या पुढचे आहेत. आधी त्यांच्याकडे जा, कपाटांच्या काचा नंतर बसवा.

वाचणारं कुणी नाही ही सबब नको. बाजाराचा दिवस सोडून मी कधीही येऊन बसायला तयार आहे. भिंग आणि टॉर्च माझीच आणीन, फक्त कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी त्या दिवशी गावात असावं.

आपला,
भांड्यांवर नावं घालणारा एक निवृत्त कारागीर,
जि. सातारा