आधी लाइन उभारा, मग क्वार्टरबॅक निवडा

मा. संपादक,
स. न.

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीची, ओळख करून देणारा मजकूर आपल्या क्रीडा पानावर वाचला. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग मराठी वाचकांपर्यंत पोहोचवल्याबद्दल मनापासून आभार. मात्र तळाच्या संघाला पहिल्या निवडीचा हक्क मिळाला की त्याचे दिवस पालटतात, असा जो समज त्यातून होतो, तो मला पटत नाही. मी शार्लटला राहतो, कॅरोलायना पँथर्सचा चाहता आहे आणि या हक्कापायी आमच्या संघाचे काय झाले, ते डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. 1936 पासूनची रीत अशी, की आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याने कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंपैकी हवा तो आधी घ्यायचा. विजेत्याचा नंबर सर्वांत शेवटी. 32 संघ, सात फेऱ्या. हा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात खेळाडू किंवा पुढच्या वर्षांचे हक्कही घेता येतात. हरणाऱ्या संघाची खरी परीक्षा इथेच असते.

2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक शिकागो बेअर्सचा होता आणि आमचा नववा. आमच्या संघाला काहीही करून क्वार्टरबॅक हवा होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन पास फेकणारा, संघाचा सूत्रधार. पहिल्या क्रमांकासाठी पँथर्सनी काय काय दिले पाहा: त्या वर्षीची नववी आणि 61 वी निवड, 2024 ची पहिल्या फेरीतली निवड, 2025 ची दुसऱ्या फेरीतली निवड आणि वर डी. जे. मूर, म्हणजे संघातला सर्वांत भरवशाचा रिसीव्हर. ज्याच्याकडे पास फेकायचा, तोच देऊन टाकला आणि पास फेकणारा आणला! अलाबामाचा ब्राइस यंग आला. गुणी मुलगा, पण उंची पाच फूट दहा इंच, समोरच्या संघाची फळी धिप्पाड आणि त्याच्या पुढे उभे राहून त्याला सांभाळणारी आमची फळी, म्हणजे लाइन, मोडकी. त्या हंगामात तो 62 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच जमिनीवर आडवा केला गेला. संघ 17 पैकी दोन सामने जिंकला. अकरा सामन्यांनंतर प्रशिक्षक फ्रँक राइक यांना घरी पाठवले. आणि आम्ही सर्वांत तळाला गेल्यामुळे 2024 ची जी निवड देऊन टाकली होती, तीच लीगमधली पहिली निवड ठरली. ती बेअर्सच्या पदरात पडली.

सॅक हा शब्द आकड्यांत वाचताना त्याची धग कळत नाही. स्टेडियममध्ये गेलात तर एखादा डाव चेंडूकडे न पाहता फक्त लेफ्ट टॅकलकडे, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाच्या गड्याकडे, पाहा. बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेला, दीडशे किलोच्या घरातला हा माणूस चेंडू हलताच उलट्या पावलांनी मागे सरकत जातो, कारण बाहेरच्या बाजूने तितक्याच ताकदीचा आणि त्याहून चपळ गडी वळसा घालून येत असतो. त्याचे दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर. उजव्या हाताने पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची त्या बाजूला पाठ असते, नजर तीस-चाळीस यार्ड पुढे. जेमतेम तीन सेकंदांचा मामला. टॅकलचे एक पाऊल चुकले की पाठीमागून जो धक्का बसतो, त्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत येतो. बावीस वर्षांच्या मुलाने असा मार आठवड्यामागून आठवडे खाल्ला की तो पुढे नजर ठेवण्याऐवजी येणाऱ्याची चाहूल घेऊ लागतो. ही सवय लागली की मोडणे फार कठीण.

ह्यूस्टन टेक्सन्सची गोष्ट याहून जुनी. 2002 साली नव्याने लीगमध्ये आलेल्या या संघाने पहिल्या निवडीत डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला. त्याच्या रक्षणासाठी टोनी बोसेली हा नावाजलेला टॅकल आणला होता. पण दुखापतींमुळे तो टेक्सन्सकडून एकही सामना खेळू शकला नाही. दुसरी सोय झाली नव्हती, तरी कारला पहिल्या दिवसापासून मैदानात उतरवले. त्या हंगामात तो 76 वेळा सॅक झाला. हा विक्रम आहे. पाच वर्षांत ह्यूस्टनने त्याला सोडून दिले. तो मुळात किती चांगला होता, हे आता कुणालाही कळणार नाही. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.

यावर कोणी पेटन मॅनिंगचे नाव घेईल. 1998 ची पहिली निवड, पहिल्या वर्षी 28 इंटरसेप्शन, म्हणजे विरोधकांच्या हाती पडलेले पास, आणि संघ 3-13, म्हणजे तीन विजय, तेरा पराभव. आणि पुढच्याच वर्षी 13-3. खरे आहे. पण त्याच्या इंडियानापोलिस संघाने आदल्याच वर्षी, 1997 मध्ये, पहिल्या दोन फेऱ्या टॅरिक ग्लेन आणि अ‍ॅडम मेडोज या दोन टॅकलवर खर्च केल्या होत्या आणि मार्विन हॅरिसन हा रिसीव्हर त्याच्याही आधीपासून संघात होता. मॅनिंग आला तेव्हा घर बऱ्यापैकी उभे होते. आणि 28 चुका करूनही त्याला कोणी बाकावर बसवले नाही. आमच्या यंगला मात्र 2024 मध्ये दोन सामन्यांतच बसवले. त्याच वर्षी पँथर्सनी रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस हे दोन गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूला उभे राहणारे लाइनमन, मोठी रक्कम मोजून आणले होते. हंगामाच्या उत्तरार्धात यंग परतला, तेव्हा तोच मुलगा निर्धास्त उभा राहून पास फेकताना दिसला. हे दोघे एक वर्ष आधी आणले असते तर?

बेअर्सनीही पुढे तीच चूक केली, हे त्यांच्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये. आमच्या हक्कातून त्यांनी केलेब विल्यम्स घेतला आणि पहिल्याच हंगामात त्याला 68 सॅक सोसायला लावले. त्या हंगामातच प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. 2025 साठी नवा प्रशिक्षक आला आणि लाइनच्या मधल्या तिन्ही जागांवर नवी माणसे आणली गेली. म्हणजे क्रम पुन्हा उलटाच.

माझ्या मते आदर्श घालून दिला तो डेट्रॉइट लायन्सनी. 2008 मध्ये 0-16 असा लाजिरवाणा हंगाम पाहिलेला हा संघ. 2021 मध्ये त्यांनी आपला क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सना दिला आणि बदल्यात पहिल्या फेरीच्या दोन निवडी, एक तिसऱ्या फेरीची निवड व रॅम्सना नकोसा झालेला जॅरेड गॉफ घेतला. मग स्वतःची सातवी निवड पिनेई सूएल या टॅकलवर लावली. टेलर डेकर आणि फ्रँक रॅगनाऊ हे पहिल्या फेरीतले दोन लाइनमन आधीच होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर एडन हचिन्सन हा बचाव फळीतला गडी. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांचा पहिला हंगाम 3-13-1 (शेवटचा एक सामना बरोबरीचा) असा गेला, तरी मालकांनी त्यांना हात लावला नाही. 2023 मध्ये लायन्स 12-5 झाले, तीस वर्षांनी गटविजेते ठरले. आणि हा गॉफ कोण? 2016 ची पहिली निवड! भक्कम लाइनच्या मागे तोच पुन्हा उभा राहिला.

नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी जुन्या ड्राफ्टचे आकडे तपासले होते. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला खेळाडू नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जवळपास 52 टक्के निघाली, नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. तरीही वरचा क्रमांक मिळवण्यासाठी संघ वाटेल ती किंमत मोजतात. असे असताना हरणाऱ्या संघाने समोरून घसघशीत मोबदला आला, तर क्रमांक देऊन जास्तीत जास्त निवडी घ्याव्यात, असेच माझे म्हणणे आहे. गिऱ्हाईक नसेल तर टॅकल किंवा क्वार्टरबॅकवर धावून जाणारा गडी घ्यावा. लाइन आणि प्रशिक्षक दोन्ही जागेवर असतील, तरच क्वार्टरबॅक घ्यावा आणि प्रशिक्षकाला निदान तीन हंगाम द्यावेत. मालक हे करत नाहीत, कारण नव्या क्वार्टरबॅकच्या नावाची जर्सी महिनाभरात खपते. टॅकलची जर्सी विकत घ्यायला रांग लागत नाही.

एक विनंती. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टची बातमी द्याल, तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूच्या फोटोखाली त्या संघाचे दोन टॅकल कोण आहेत आणि गेल्या हंगामात त्यांच्या क्वार्टरबॅकला किती सॅक सोसावे लागले, एवढेही जरूर छापावे.

आपला,
एक वाचक, शार्लट (नॉर्थ कॅरोलायना)