तुझी नोंदवही वाचून

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

शिबिराला निघताना तू नोंदवही टेबलावर ठेवलीस आणि "वाचलीस तरी चालेल" म्हणालीस. वाचली. रात्री पुन्हा एकदा वाचली. समोरासमोर बोलायला गेलो की आपलं वाजतं, म्हणून लिहिते आहे.

शाळेतलं हे नेहमीच्या अभ्यासाऐवजी वेगवेगळी कामं करून बघायचं वर्ष घ्यायला माझा विरोध होता. परीक्षा नाही, गुण नाहीत. काही आठवडे हा विषय, काही आठवडे तो, मधेच सुतारकाम, मधेच पंधरा दिवस कुठेतरी जाऊन काम. "अभ्यासाची सवय मोडेल, वर्ष फुकट जाईल," असं मी म्हणाले होते. ते शब्द मी मागे घेते.

माझ्या विरोधामागे एक जुनी गोष्ट होती, ती तुला कधी सांगितली नाही. आमच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा तास असायचा. मुलांनी हातांनी काम करत शिकावं, हा आग्रह गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत धरला होता. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव शालेय शिक्षणाचा भाग व्हावा अशी शिफारस केली. हे सगळं मी पुष्कळ उशिरा वाचलं. आमच्या वर्गात तो तास गणिताचा राहिलेला भाग संपवण्यात जायचा आणि वर्षाअखेरी घरून एक वस्तू करून आणायची असायची. माझं भरतकाम माझ्या आईने केलं. त्यावर मला 'अ' श्रेणी मिळाली. त्या श्रेणीची मला आजही लाज वाटते. तुझंही तसंच होईल, असं मी धरून चालले होते.

मग तो फोनचा दिवस आला. कामाची जागा ज्याची त्याने शोधायची, असं शाळेने सांगितलं होतं. मी ओळखीत शब्द टाकते म्हटलं, तर तू नको म्हणालीस. कागदावर सात ओळी लिहिल्यास: नाव, शाळा, कोणते पंधरा दिवस, काय करू शकते. दार लोटून घेतलंस. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि खरं सांगते, कान दारालाच होते. पहिल्या ठिकाणी तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी नाही म्हणाले, तर तू "हरकत नाही, आभारी आहे" म्हणालीस. आवाज कापत होता. तिसरा फोन लावायच्या आधी बराच वेळ शांतता होती. आत यावंसं फार वाटलं, आले नाही. तो तिसरा फोन प्राण्यांच्या दवाखान्याचा होता.

त्या पंधरा दिवसांची पानं मला सगळ्यात आवडली. पहिल्या दिवशी तू लिहिलंस, "दिवसभर पिंजरे पुसले. काहीच शिकले नाही." सहाव्या दिवशीचं पान बघ: कुत्र्याला टेबलावर घेताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांमागे ठेवला तर तो कमी घाबरतो, मालक घाईत असला की आजार कधी सुरू झाला ते चुकीचं सांगतो, म्हणून तोच प्रश्न जरा वेळाने पुन्हा विचारायचा. हे तुला कोणी फळ्यावर लिहून दिलेलं नाही. पिंजरे पुसता पुसता तू बघत होतीस.

नाटकाची पानं मात्र रंगवलेली आहेत आणि आत काही नाही. सुतारकामापुढे नुसतं 'ठीक'. त्या खोक्याचा सांधा जुळला नाही आणि तू ते कपाटामागे सरकवलंस, हे मला माहीत आहे. का जुळला नाही ते लिही. माप चुकलं, की करवत तिरकी गेली? या वर्षी चुकीसाठी गुण कापायला कोणी बसलेलं नाही. अशी सवलत पुढे क्वचितच मिळते.

मागे पडशील का, ही भीती माझी अजून पूर्ण गेलेली नाही. आयर्लंडमध्ये असं वर्ष १९७४ साली रिचर्ड बर्क या शिक्षणमंत्र्यांनी सुरू केलं, आधी अवघ्या तीन शाळांत. १९९४ पासून ते देशभर पसरलं. तिथे अजून मुलं ते घेतात, हे वाचून जरा धीर आला. गणित हातातून सुटू नये म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी बसशील का? विचारते आहे. जबरदस्ती नाही.

आणि प्रथमोपचाराबद्दल. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर तीस दाब, मग दोन श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. तू बैठकीत उशीवर सराव करत मोठ्याने मोजत होतीस, तेव्हा मी "आवाज कमी कर" म्हणाले. आजी तिथेच खुर्चीत बसून बघत होती. तू झोपायला गेल्यावर ती मला म्हणाली, "घरात एकीला तरी येतं."

एकीला येऊन भागणार नाही. तू आलीस की रविवारी मला शिकव. उशी मी काढून ठेवते.

तुझी,
आई