दिवाळीला आले नाही, त्याचं खरं कारण

मेक्सिको सिटी
डिसेंबर 2024

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला गेले असते तर आईने पहिल्याच वाक्याला ‘काहून गं?’ म्हणून तोडलं असतं आणि बाबांनी मागे टीव्हीचा आवाज वाढवला असता. म्हणून लिहून कळवतेय. दिवाळीला ऑफिसने रजा दिली नाही असं मी सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. रजा मंजूर झाली होती. पण इथल्या बास्केटबॉलचा सीझन शेवटाला आला होता आणि तो अर्धा टाकून यायला मन घेईना.

आता आई चष्मा काढून पत्र बाबांकडे सरकवेल आणि म्हणेल, ‘घ्या, तुमचीच पोट्टी.’ सरकव. पण आधी सगळं वाच.

सुरुवात माझ्या घरमालकिणीमुळे झाली. सत्तरीची बाई, मला ‘मिहा’ म्हणते, म्हणजे ‘माझे पोरी’. लहानपणापासून ती एकाच बेसबॉल संघाची भक्त आहे, दियाब्लोस रोहोस. आई, याचा अर्थ होतो ‘लाल सैतान’, त्याला माझा इलाज नाही. 1940 पासूनचा संघ, शहरात घरोघर त्यांच्या टोप्या. यंदा त्याच मालकांनी बास्केटबॉलचाही संघ काढला आणि देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवला. ही लीग 2000 साली सुरू झाली. म्हातारीला बास्केटबॉल म्हणजे सवतीचं पोर वाटत होतं. पण जर्सी लाल, त्यामुळे गेलं तर पाहिजे. एकटी कशी जाणार, म्हणून मला ओढलं. पहिल्या मॅचला मी तिची सोबत म्हणून गेले. तिसऱ्या मॅचपासून ती माझी सोबत म्हणून यायला लागली.

बाबा, ते सभागृह तुम्हाला दाखवायचंय. 1968 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, तेव्हा तिथे व्हॉलीबॉल झालं होतं. नाव हुआन दे ला बारेरा, 1847 मध्ये अमेरिकेच्या फौजेशी लढताना चापुल्तेपेकच्या लढाईत पडलेल्या तरुण सैनिकांपैकी एक. शेजारच्या जलतरण तलावाला त्याच्याच एका साथीदाराचं नाव आहे. याआधी तिथे कापितानेस नावाचा संघ खेळायचा. दोनदा अंतिम फेरीत जाऊन हरला, मग अमेरिकेच्या एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये निघून गेला. इथे हे असंच चालतं. संघ येतात, गाव बदलतात, विकले जातात, बंद पडतात. नावं मात्र अशी झकास की विचारू नका. मिचोआकानचे अग्वाकातेरोस म्हणजे अॅव्होकॅडोवाले, इरापुआतोचे फ्रेसेरोस म्हणजे स्ट्रॉबेरीवाले, फ्रेस्नियोचे प्लातेरोस म्हणजे चांदीचे कारागीर. ज्या गावाचं पोट ज्याच्यावर, त्याचंच नाव संघाला. आपला संघ निघाला असता तर वरुडचे संत्रेवाले. जर्सीचा रंगही ठरलेलाच.

खेळाचं सांगते. लीगमध्ये बहुतेक वेळा पाहुणा संघ लागोपाठ दोन रात्री त्याच मैदानावर खेळतो. मला आवडतं ते हेच. पहिल्या रात्री ज्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून टोपली भरून टाकली, त्याच्या अंगाला दुसऱ्या रात्री एक जण गोचिडासारखा चिकटलेला असतो. काल जे चाललं ते आज चालत नाही. तुम्ही असता तर मधल्या दिवसभर वहीत आकृत्या काढत बसला असता. शिवाय हे शहर 2,240 मीटरवर, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर आहे. मेहिकालीचे सोलेस येतात ते समुद्रसपाटीच्या वाळवंटातून, जिथे उन्हाळ्यात आपल्या अकोल्याचीही कीव यावी. चौथ्या क्वार्टरला त्यांचे गडी फ्री थ्रोच्या वेळी गुडघ्यांवर हात टेकून उभे. माझीही पहिले दोन महिने जिन्यात हीच गत होती, म्हणून हसले नाही.

एका रात्री मी टोपलीच्या अगदी मागे बसले होते. लाल जर्सीतला एक बुटका गार्ड चेंडू घेऊन आला, डोळे डावीकडे, खांदा डावीकडे, मान डावीकडे. समोरचा बचावपटू हललाच नाही. त्याची नजर त्या गार्डच्या कमरेवर होती. गार्ड उजवीकडे निघाला तेव्हा हा आधीच तिथे पाय रोवून उभा. धडक, शिट्टी, फाऊल गार्डवर. आजूबाजूचे सगळे पंचाच्या नावाने बोंबलत होते आणि मला शाळेचं मैदान दिसत होतं. सिमेंटचा खांब, जाळी नसलेली रिंग, पहाटे डबड्याने फक्कीच्या रेषा मारणारे तुम्ही, आणि ‘डोळे फसवतात गं, कंबर बघ!’ ही आरोळी. मी चुकून मराठीत ओरडले, ‘बरोब्बर!’ आमच्याच गड्यावर फाऊल आणि मी खूश, म्हणून म्हातारीने असा कटाक्ष टाकला की आई आठवली. मग एक पोरगा पळत आला आणि धडक झाली तिथला घाम टॉवेलने पुसून गेला, वाकून, मागे न बघता. तुमच्या वेळी ते काम माझं होतं, फक्त घामाऐवजी खडे वेचायचे.

आणखी एक गोष्ट खास बाबांसाठी. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला कबड्डी दाखवायला गेला होता, हे तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगता. गॅसवाल्यालाही सांगितलंय. तर त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला आणि मेक्सिकोने ब्राँझ मिळवलं. पोलंडला 26-12 ने हरवून. खेळ उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टावर. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस, चिखल, चेंडू टप्पाच घेईना. अमेरिका जिंकली ती 19-8 ने. म्हणजे अमरावतीची मंडळी आणि हे लोक एकाच उन्हाळ्यात एकाच गावात होते. एकमेकांना दिसले असतील का, हे मी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, दिसले असतील तर आमच्यातल्या कुणीतरी जेवायला नक्की बोलावलं असेल.

आई, जेवणावरून तू विचारशीलच. मॅचला एस्कितेस मिळतात, पेल्यात मक्याचे दाणे, वर लिंबू, तिखट, चीज आणि मेयोनीज. मेयोनीज मी नको म्हणते, विकणारा दर वेळी दुखावतो. आणि लक्ष्मीपूजन केलं होतं, ते खोटं नाही. 1 नोव्हेंबरला इथे मृतांचा सण, गल्लीभर झेंडूचे ढीग. झेंडू मूळचा इथलाच म्हणे. म्हातारीने तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे वाहिला, मी लक्ष्मीपुढे. एकाच टोपलीतला.

शेवट सांगायचा राहिला. आम्ही जिंकलो. पहिल्याच सीझनला विजेतेपद! सप्टेंबरमध्ये बेसबॉलवाल्यांनीही दहा वर्षांनी करंडक आणला होता, त्यामुळे म्हातारीला यंदा पाय ठेवायला जमीन नाही. त्या रात्री ती रडली. मीही. लाकडी खुळखुळे कानाशी करकरत होते आणि मला तुम्हाला फोन करावासा वाटला. पण तेव्हा तुमच्या हिशोबाने मी ऑफिसच्या कामात बुडाले होते. खोटं बोलण्याची तेवढी शिक्षा मिळाली.

जानेवारीत येतेय, तिकीट काढलंय. या वेळी खरंच. फोटो पाठवते त्याचा, आईला पटणार नाही. बाबांसाठी लाल जर्सी घेतेय, पाठीवर हवं ते नाव छापून देतात. ‘पीटी सर’ छापू की आडनाव? आणि माप एलच ना, की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते बंद करून आता एक्सएल? आईने खरं काय ते कळवावं.

तुमची,
मनू