गुलमर्ग ग्रुपसाठी सूचना : स्की कुठल्या घ्यायच्या ते रविवारच्या आत कळवा

मंडळी, जानेवारीत गुलमर्गला येणाऱ्यांनी स्कीचा प्रकार रविवारपर्यंत इथेच टाका, मागच्या वेळेसारखं शेवटच्या दिवशी फोनवर फोन नकोत. आपल्याला चढायचंय पण, त्यामुळे लिफ्टवाल्या साध्या स्की चालणार नाहीत, टाच मोकळी होणारं बाइंडिंग (बूट स्कीला अडकवायची पकड) असलेल्या टूरिंग स्कीच लागतील. आता रुंदीचं. स्कीच्या मधल्या भागात ८५ मिमीच्या आसपास रुंदीवाली हलकी असते, चढताना पाय दुखत नाहीत, पण गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फात ती खाली रुतते आणि मग उतरताना रडायची पाळी, म्हणून माझं मत १०० मिमीच्या आसपास, वजन थोडं जास्त गेलं तरी चालेल. चढ जास्त करणारे दोघंतिघं अरुंद घ्या, तुमची मर्जी.

स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) त्याच स्कीच्या मापाच्या हव्यात, कडा उघड्या राहतील इतपत. ज्यांच्या स्वतःच्या आहेत त्यांनी गोंद आत्ताच बघा, आपल्या दमट हवेत काय होईल सांगता येत नाही, माझ्या गोंदाला तर अख्ख्या पावसाळ्यात मांजराचे केस चिकटलेले. बूट बाइंडिंगला बसतात का तेही बघा, पिनवाल्या बाइंडिंगला बुटाच्या पुढे भोकं लागतात.