कळमेश्वरची मेथी कळमन्याला कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

नागपुरात लोकल फूड हब, म्हणजे आसपासच्या शेतातला माल अन् त्याचे पदार्थ थेट विकायच्या जागा, व्हावेत असं अधूनमधून बोललं जाते, मनापासून वाटते की व्हावेत, पण नुसते खायचे स्टॉल, लायटिंग आणि सेल्फी पॉइंट एवढंच होणार असेल तर काही अर्थ नाही. खाणं येते कुठून याचाही त्यात विचार पाहिजे.

जरा नकाशा बघा. काटोल-कळमेश्वर पश्चिमेकडे, कळमन्याचं ठोक मार्केट पार पूर्वेला. म्हणजे कळमेश्वरची मेथी, सांबार (कोथिंबीर) छोटा हत्तीत भरून पहाटे काटोल नाक्यावरून शहरात शिरते, अख्खं नागपूर ओलांडून कळमन्याला जाते, तिथं हमाली, तोलाई, लिलाव, आणि मग चिल्लरवाला तोच माल ऑटोत टाकून परत दाभा, वाडी, गोकुळपेठकडे आणतो. डिझेल दोनदा, चढ-उतार दोनदा, आणि पालेभाजी तोवर अर्धी मेलेली. बरं, 2016 मध्येच राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकरी थेट विकू शकतो. पण विकायचं कुठं बसून? रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या बाया आपण रोजच पाहतो, एक डोळा गिऱ्हाईकावर अन् एक अतिक्रमणाच्या गाडीवर. एप्रिल-मे मध्ये तर दहा वाजेपर्यंत सांबाराच्या जुड्या मान टाकतात, ओलं फडकं टाकून टाकून किती टिकणार, मग पाचच्या दोन नाही तर पाचच्या तीन देऊन त्या उठतात.

त्यामुळे हबमध्ये सगळ्यात आधी सावली आणि गारवा पाहिजे. त्याला लाखोंचं कोल्ड स्टोरेजच लागते असं नाही. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून ती ओली ठेवायची, अशी विजेशिवाय चालणारी शीतकक्षाची पद्धत कधीचीच काढून ठेवली आहे, आपल्या घरच्या कूलरसारखंच काम, आणि नागपूरच्या कोरड्या उन्हात तर ते झकास चालते. फक्त पाण्याची सोय हवी.

सोबत एक साधं सामायिक किचन द्या. संत्र्याच्या सीझनमध्ये चुरी, म्हणजे बारीक संत्री, मातीमोल जाते, बचत गटाच्या बाया त्याचा रस, स्क्वॅश करू शकतात पण लायसन्सला लागते तशी जागा घरी कुठून आणणार?

माझं कॉर्पोरेशनला एवढंच म्हणणं आहे की दहाही झोनमध्ये एकदम करायला जाऊ नका. एक काटोल नाक्याकडे आणि एक उमरेड रोडला करा, म्हणजे उमरेड, भिवापूर, कुही हा पट्टाही येईल. 2014 च्या फेरीवाला कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, त्यातही एक तृतीयांश बाया, तर गाळे कुठं, दर किती, वेळ काय हे त्यांना विचारून ठरवा. आणि बायांसाठी स्वच्छ टॉयलेट पहिल्याच नकाशात दाखवा, मागाहून बघू म्हणाल तर ते कधीच होत नाही.

एक वाचक, नागपूर