अण्णांचे पाय धुणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं सिस्टर. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय अण्णांच्या मधुमेहाच्या गोळ्यांवर नेता. म्हणून हे उघड पत्र.

अण्णांच्या तळव्याची जखम भरली. पण पहिल्या दिवशी त्यांनी पाय धोतरात ओढून घेतले होते, आठवतंय ना? देवाच्या कामातल्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा, हे जुन्या मास्तरांना पटेना. "पाप लागेल मला," म्हणाले. "पेत्रही असाच अडून बसला होता," म्हणत तुम्ही सलाइनची बाटली उघडली.

धर्माचं बोलणं तेवढंच. पुढचं मीच शोधून वाचलं, योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटा तुडवून आलेले पाय धुणं हे तेव्हा चाकराचं काम. येशूला दगा देणारा यहूदाही अजून तिथेच होता. पेत्र हा शिष्य मात्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. त्यावर येशू म्हणतो, मग तुझा माझ्याशी संबंध नाही. लगेच पेत्र हात आणि डोकंही पुढे करतो! भाबडा माणूस.

नम्रता ही सेवा करणाऱ्याने दाखवायची, असं आपण धरून चालतो. मला पेत्राची अडचण जास्त कठीण वाटली. वारीत अनोळखी माणसाच्या पायांवर सहज डोकं ठेवणारे आमचे अण्णा. पण स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचे म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. तो संकोच तुम्ही समजूत घालून नाही, रोज येऊन घालवलात.

आणि हो, तुम्ही काही गोडबोल्या नाही. अनवाणी अंगणात गेले म्हणून अण्णांना झापलंत. त्यांच्या पायांना ऊन-गार कळत नाही, तेव्हा पाणी आधी कोपराने पाहायचं हे आईकडून घोटून घेतलंत. बोटांच्या बेचक्या ओल्या दिसल्या की माझी हजेरी. जमिनीवर बसूनच सगळे हुकूम!

2013च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात 12 तरुणांचे पाय धुतले; त्यांत मुलीही होत्या. त्याची जगभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. तुमच्या मंगळवार-बुधवारची कोण करणार?

अण्णा आता रोज रात्री आरसा धरून आपले तळवे स्वतः तपासतात. चप्पल मात्र अजून आठवण केल्याशिवाय घालत नाहीत, तेव्हा एकदा येऊन दम द्या. चहा या वेळी उभ्या-उभ्या चालणार नाही, असा त्यांचा निरोप आहे.

तुमची कृतज्ञ,
अण्णांची थोरली